तळहातावर दोनदा मूठ

नॅन्टग्लासच्या चॅपलमध्ये खर्जाच्या बाकावर ग्विलिम बेडो शेवटची सोळा-सतरा वर्षं तोंड मिटून बसत असे. स्तोत्रांचं पुस्तक उघडून धरायचा, सगळ्यांबरोबर उभा राहायचा, पानही वेळेवर उलटायचा. पण ओठ हलायचे नाहीत. नवे पाद्रीसाहेब आले तेव्हा त्यांना वाटलं, म्हातारपणाने आवाज गेला असेल. त्यांनी हळूच मार्गेडला, म्हणजे ग्विलिमच्या बायकोला, विचारलं. ती म्हणाली, "आवाज कुठला जातोय साहेब! शेजारच्या कोंबड्या आमच्या वाफ्यात शिरू देत, मग ऐका."

आवाज गेला नव्हता. त्याने तो ठेवून दिला होता.

त्या गावात जन्मलेला मुलगा खाणीत जायचा, दुसरी वाट नव्हती. ग्विलिमचा बाप वेल्समधून अमेरिकेत आला तोच खाणीसाठी. ग्विलिम नवव्या वर्षी कोळशातले दगड वेचायला बसला आणि सोळाव्या वर्षी खाली उतरला. त्याला वर काढलं ते बेसबॉलने, आणि बेसबॉलमध्ये त्याला मोठं केलं ते आईच्या औषधाच्या डब्याने. त्या डब्यात एल्मच्या झाडाची आतली साल असे. घसा बसला की ती चघळायची. तोंडात तिचा बुळबुळीत चीक होतो. खाणीच्या संघाकडून चेंडू टाकताना एकदा तो चीक बोटांना लागला आणि चेंडू न फिरता निसटला. सरळ गेला, आणि बॅटवाल्यासमोर पोचल्यावर पायरी चुकलेल्या माणसासारखा एकदम खाली बसला. बॅट वरून फिरून गेली. त्या काळी चेंडू ओला करायला बंदी नव्हती.

"घसा बरा आहे ना रे तुझा?" आई विचारायची. "डबा महिन्यात रिकामा होतो."

"घशासाठीच घेतो, आई."

एवढं एक खोटं सोडलं तर तो सरळ माणूस होता. दारू नाही, शिवी नाही, रविवारी चेंडूला हात नाही. चोविसाव्या वर्षी तो बड्या लीगमधल्या एका शहराच्या संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून गेला तेव्हा तिथल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठेवलं, 'बुवा'.

ओला चेंडू टाकणाऱ्याची एक रीत असते. प्रत्येक चेंडूआधी तो हातातला चामड्याचा मोजा आणि चेंडू दोन्ही तोंडापुढे धरतो. खरोखर ओला करायचा असला तरी धरतो, नसला तरी धरतो, म्हणजे समोरच्याला कळू नये. ग्विलिमही तसंच करायचा. बॅटवाल्याला दिसायचा फक्त मोजा आणि त्यावर दोन निळे डोळे.

त्याच्यासमोर, बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलायला असायचा कॉन टियर्नी. आयरिश, कॅथलिक, बसक्या नाकाचा, हसला की गावभर हसणारा. एक बोट दाखवलं तर सरळ चेंडू, दोन दाखवली तर ओला. कधी ग्विलिमचं चुकायचं, मागितला एक आणि टाकला दुसरा. कॉनच्या बोटांचे हाल व्हायचे. मग ग्विलिम उजवा तळहात छातीवर ठेवायचा: माझं चुकलं. आणि कॉन आपल्या गादीच्या मोज्यात, तळहातावर, दोनदा मूठ आपटायचा: झालं गेलं, पुढचा टाक. हे असं शंभरदा झालं असेल. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा दोघांनाही वाटलं नाही.

प्रवासात दोघं एका खोलीत राहायचे. एकदा पावसामुळे खेळ नव्हता, सगळे दुपारचे लवंडले होते, आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात आग लागली. घंटा अशी वाजली की माणसं नुसत्या पायमोज्यांवर जिन्यात धावली. ग्विलिमने मागे वळून बघितलं तर कॉन कुशीवर निजलेला, तोंडावर हसू. त्याला हलवून उठवावं लागलं. आग विझली, सगळे परत आले, तेव्हा ग्विलिमने दार लावून घेतलं.

"तुला ऐकू येत नाही."

कॉन त्याच्या ओठांकडे बघत होता. तो नेहमी ओठांकडेच बघतो, हे ग्विलिमच्या तेव्हा लक्षात आलं.

"डाव्या कानाने मुळीच नाही," कॉन म्हणाला. "उजव्याने, ढग गडगडले तर. दोन वर्षांपूर्वी बॅटला चाटून आलेला चेंडू कानशिलावर बसला ना, तेव्हापासून."

"मॅनेजरला सांगितलंस?"

"सांगतो ना! आणि उद्याच्या गाडीने घरी जातो. उंच चेंडू उडाला की चार जण खाली धावतात, 'माझा, माझा' ओरडतात. ज्याला ती हाक ऐकू येत नाही त्याला कोण ठेवील? बुवा, शपथ घे. ठेव तुझ्या बायबलवर हात."

"आम्ही शपथा घेत नाही. होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही. त्याहून जास्त बोलणं सैतानाचं."

"बरं बाबा, मग होय म्हण."

"होय."

"तोंडातली साल काढ आणि नीट म्हण. कळलं नाही."

"होय!"

त्या दिवसापासून चेंडू उंच उडाला की ग्विलिम आपली जागा सोडून पळत पुढे यायचा आणि कॉनला हाताने दाखवायचा, तुझा की दुसऱ्याचा. लोक हसायचे. "बुवा आणि त्याची बायको," म्हणायचे. हिवाळ्यात कॉन नॅन्टग्लासला येऊन आठवडाभर राहायचा. शुक्रवारी त्याला मांस चालत नाही म्हणून मार्गेड बटाटा-कांद्याचं कालवण करायची. ग्विलिमची आई पहिल्यांदा नाक मुरडून बसली, पुढच्या वर्षी म्हणाली, "पोपचा माणूस खरा, पण भांडी घासून ठेवतो. आमच्यातल्या एकाने कधी घासलीत?"

तीन मोसम असे गेले. ग्विलिमच्या आयुष्यातले ते तीनच चांगले मोसम.

१९११ च्या हिवाळ्यात संघाने कॉनला दुसऱ्या संघाला विकलं. खेळाडूंना तेव्हा कोणी विचारत नसे. पुढच्या मे महिन्यात तो दुसरा संघ खेळायला आला. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता, माणसं बेताची. ग्विलिमचा हात उत्तम चालला होता. आणि तरी तिसऱ्या डावात नऊ धावा झाल्या. ओल्या चेंडूंना कोणी बॅट लावत नव्हतं, ते गुडघ्याखाली जाऊन फुकट पडत होते. सरळ चेंडूंवर मात्र सगळे असे तुटून पडत होते, जणू काय येणार हे आधीच कळलंय. धावणाऱ्यांच्या तिसऱ्या ठाण्यापलीकडे त्यांचा एक टकलू माणूस गुडघ्यांवर हात ठेवून, मान तिरकी करून उभा होता आणि मध्येच बॅटवाल्याला काहीतरी ओरडत होता. ग्विलिमने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो बघत होता समोरच्या बाकावर बसलेल्या कॉनकडे. आपला चेंडू ओला की कोरडा हे जगात ज्याला सगळ्यात चांगलं कळतं, तो आज तिकडे बसलाय. अजून काय पुरावा हवा?

मॅनेजरने त्याला काढून घेतलं. बाहेर जाताना, मैदानाखालच्या वाटेवर, कॉन समोरून आला. त्याने तळहातावर दोनदा मूठ आपटली. झालं गेलं, पुढचा टाक.

ग्विलिमच्या डोक्यात राख गेली. त्याला वाटलं, हा आपल्याला चिडवतोय. लोकांना कळू नये म्हणून त्याने सवयीने मोजा तोंडापुढे धरला आणि येशूला दगा देणाऱ्या शिष्याच्या नावाने त्याला हाक मारली, "यहूदा!"

"काय?" कॉन म्हणाला. "मोजा काढ ना तोंडावरचा. दिसत नाही."

ग्विलिम निघून गेला.

माणसाच्या जिभेला हाड नसतं म्हणतात. ग्विलिमच्या जिभेला होतं. जन्मभर त्याने ती जपून वापरली होती. पण ज्या दिवशी ती सुटली त्या दिवशी कपडे बदलण्याइतकाही वेळ लागला नाही. तो तसाच मॅनेजरच्या खोलीत गेला.

"टियर्नी बहिरा आहे."

मॅनेजरने सिगार बाजूला ठेवला. "काय म्हणतोस?"

"ठार बहिरा. मागून तोफ उडवा."

"आणि बुवा, तू तीन वर्षं गप्प होतास?"

"विचारलं नव्हतं कोणी."

हेही खोटंच होतं; गप्प होता तो कॉनला 'होय' म्हटलं होतं म्हणून. ते त्याने मोजलं नाही. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. पुढे आयुष्यभर त्याला त्या झोपेची लाज वाटत राहिली.

मॅनेजर मॅनेजरला भेटतात, एकत्र बसतात. पंधरवड्याने तिकडून एक खेळाडू इकडे आला, त्याने हसत हसत सांगितलं. सगळे बाकावर बूट घालत बसले होते. त्यांच्या मॅनेजरने कॉनच्या पाठीमागे जाऊन लोखंडी बादली फरशीवर आपटली. सगळे दचकून उभे राहिले. कॉन खाली वाकून बुटाचे बंद बांधत राहिला. "एकदम निवांत!" तो खेळाडू म्हणाला. "त्याच दुपारी त्याला गाडीत बसवलं."

ग्विलिम हसला नाही. पण वाईटही वाटून घेतलं नाही. पेरलं तसं उगवलं, असं तो मनात म्हणाला. बायबलमधलं वचन तोंडपाठ होतं.

कॉन गेला, तरी चेंडू मार खातच राहिले. आता दुसरे संघही ओला चेंडू ओळखायला लागले. ग्विलिमला वाटलं, कॉनने जाता जाता सगळ्यांना सांगितलं. १९१४ मध्ये त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं, पुढच्या वर्षी तिथूनही घरी. तो पुन्हा खाणीत उतरला, लाकडी टेकू ठोकायच्या कामावर. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायला लागला. शेवटच्या भोजनाची गोष्ट आली की त्याचा आवाज चढायचा. "ताटात हात घालणाराच दगा देतो, मुलांनो," तो सांगायचा. मुलांना वाटायचं, गुरुजींची किती श्रद्धा आहे!

आठ वर्षं त्याने हे सांगितलं.

१९२३ च्या वसंतात नॅन्टग्लासला स्तोत्रगायनाचा मेळा भरला. चार जिल्ह्यांतली चॅपलं आली होती, ओहायोतूनसुद्धा माणसं आली होती. सकाळपासून चार आवाजांत गाणं, आणि मध्ये तळघरात चहा. मार्गेडने तव्यावरच्या बेदाण्याच्या गोड चकत्या केल्या होत्या. ग्विलिम किटली घेऊन फिरत होता, तेव्हा ओहायोच्या बाकावरचा एक टकलू म्हातारा उठला आणि त्याचे दोन्ही खांदे धरून हसायला लागला.

"बंधू बेडो! ओळखलं नाहीत? आयव्हर प्रॉथेरो. अहो, बारा सालापासून तिसऱ्या ठाण्यापाशी उभा असायचो मी. तीन मोसम माझ्या घरची चूल तुम्ही पेटती ठेवलीत!"

"मी?"

"सकाळपासून ऐकतोय, खर्जातला हा आवाज कुठे ऐकलाय म्हणून. ते तिसऱ्या ओळीत वर चढतं ना, आपलं ते जुनं स्तोत्र, तिथे ओळख पटली. आता खेळ सुटला, सांगायला हरकत नाही. तुम्ही मैदानात गायचात!"

"मी कुठे गायचो?"

"गुणगुणायचात हो. मोजा तोंडापुढे धरून. खाणीतला खर्ज, आणि पुढे चामड्याचा डबा! आणि उजव्या हाताचा पिचर उभा राहिला की त्याचं तोंड असतं बरोबर माझ्याकडे. दुसऱ्या कोणाला तो नुसता माशीचा आवाज वाटला असता. पण मी चॅपलमध्ये वाढलेला. ते स्तोत्र मला झोपेत ऐकू येईल. सरळ चेंडू असला की तुम्ही गायचात. ओला असला की गप्प. तोंडात चीक गोळा करताना माणूस गाणार कसा? मी आपला बॅटवाल्याला हाक मारायचो. पुढे बाकीच्या संघांनाही कुणकुण लागली." तो पुन्हा हसला. "देव तुमच्या तोंडून आमच्याशी बोलायचा, बंधू!"

ग्विलिमच्या हातातली किटली वाकडी झाली आणि चहा फरशीवर गेला.

"कॉनने नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

"कोण, टियर्नी? आमच्या मॅनेजरने त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, बेडोचं काही गुपित असेल तर बोल. तो म्हणाला, तिकडचं तिकडे राहिलं. पुन्हा विचारणार असाल तर मला आजच विकून टाका. आणि सांगणार तरी काय बिचारा? त्याला थोडंच ऐकू येत होतं! ते तर तुम्हीच आमच्या..."

प्रॉथेरोचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "चहा सांडलाय, बंधू. पाय जपा."

वर गाणं सुरू झालं होतं. ग्विलिम तळघरातच बसून राहिला. गुपित फोडलं ते त्याच्याच तोंडाने, आईने शिकवलेल्या स्तोत्राने. आणि ते स्तोत्र ज्याला मुळीच ऐकू येणं शक्य नव्हतं असा मैदानात एकच माणूस होता. मॅनेजरच्या खोलीत जाऊन त्याने जे सांगितलं, तोच कॉनच्या निर्दोषपणाचा पुरावा होता. तो पुरावा त्याने स्वतःच्या तोंडाने दिला होता, आणि दोषी म्हणून त्यालाच शिक्षा केली होती.

पुढच्या शनिवारी तो गाडीत बसला. मार्गेडने चकत्यांचा डबा दिला. तिने फक्त एवढंच विचारलं, "काय म्हणशील त्याला?"

"माझं चुकलं म्हणेन."

"बस, तेवढंच म्हण. उगाच वचनं सांगत बसू नकोस."

कॉन दोन तासांवरच्या गावात बॉयलरच्या कारखान्यात होता. तिथे लोखंडावर दिवसभर हातोडे पडतात. चार-पाच वर्षांत सगळेच बहिरे होतात. त्यामुळे त्याच्यात काही कमी आहे असं तिथे कोणी समजत नसे. घर बहिणीचं, ओनोराचं. तिने दार उघडलं, नाव ऐकलं, आणि बाजूला झाली. या म्हणाली नाही. कॉन स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. केस पांढरे, नाक तेच.

"बुवा," तो म्हणाला. फार मोठ्याने म्हणाला, स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा.

ग्विलिमने गाडीत जुळवलेलं सगळं बोलायला सुरुवात केली. कॉन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, मग मान हलवली.

"मिशा किती वाढवल्यास! ओठ दिसत नाहीत."

तेव्हा ग्विलिम थांबला. त्याने उजवा तळहात छातीवर ठेवला.

कॉनने सुरी खाली ठेवली. त्याने त्या हाताकडे बघितलं.

"मला काहीतरी म्हणालास, त्याचं का? ते मला दिसलंच नव्हतं. मागाहून कोणीतरी सांगितलं."

ग्विलिमने नाही म्हणून मान हलवली. कानाला हात लावला, मग स्वतःच्या तोंडाला.

"ते होय," कॉन म्हणाला. "ते मला त्याच दिवशी कळलं. एकालाच तर ठाऊक होतं." त्याने एक बटाटा उचलला, परत ठेवला. "बादलीचं मात्र कळलं नाही, बुवा. मी मान वर केली तर सगळे माझ्याकडे बघतायत. मला वाटलं, माझ्या बुटाचा बंद तुटलाय."

ओनोराने पाठ फिरवली आणि चुलीवरचं भांडं उगाच हलवलं.

मग ग्विलिमने टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: तुझा काही दोष नव्हता. मी गुणगुणत होतो. त्यांना ऐकू जायचं. कॉनने दोनदा वाचलं. आणि तो हसला, तसाच, गावभर.

"तू गायचास? तीन वर्षं? माझ्यासमोर?" डोळे पुसत तो म्हणाला. "आणि मला वाटायचं, तू साल चघळतोयस." मग म्हणाला, "बरं गायचास का रे?"

ग्विलिमने चकत्यांचा डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.

कॉफी झाली. चकत्या खाऊन झाल्या; ओनोरानेही एक घेतली. निघताना फाटकापाशी ग्विलिमने पुन्हा छातीवर हात ठेवला आणि वाट बघितली. कॉनच्या दोन्ही हातांत मार्गेडचा धुतलेला डबा होता. तो त्याने पुढे केला.

"ऑक्टोबरमध्ये ये," तो म्हणाला. "सफरचंदं होतात."

ग्विलिम ऑक्टोबरमध्ये गेला. त्यानंतरही वर्षातून एकदा-दोनदा जात राहिला, मिशी काढून. दोघं सफरचंदं खायचे, जुन्या बॅटवाल्यांना नावं ठेवायचे. कॉन त्याला कधी टाकून बोलला नाही, त्याने दार कधी बंद केलं नाही. पण प्रत्येक वेळी फाटकापाशी ग्विलिमची नजर त्याच्या हातांकडे जायची. ते कधी खिशात असायचे, कधी फाटकाच्या कडीवर. १९३१ मध्ये कॉन न्युमोनियाने गेला. प्रेताला खांदा देऊन झाल्यावर ग्विलिमने लाज सोडून ओनोराला ती खूण सांगितली आणि विचारलं, तो कधी घरी बोलला का त्याबद्दल?

"मूठ?" ती म्हणाली. "त्याची मूठ कुठे मिटायची हो आता! बोटं सगळी मोडलेली, त्यात हातोड्याचं काम. सुरीसुद्धा दोन बोटांत धरायचा."

हे ती समजूत घालायला म्हणाली की खरंच तसं होतं, ग्विलिमला ठरवता आलं नाही. परतीच्या गाडीत त्याने स्वतःच तळहातावर दोनदा मूठ आपटून बघितली. समोरच्या बाईने वर बघितलं. त्याने हात खिशात घातले. ती खूण दुसऱ्याने करायची असते.

चॅपलमध्ये ते स्तोत्र महिन्यातून एकदा तरी असायचंच. सगळे उठायचे, खर्जाचा बाकही उठायचा. तिसऱ्या ओळीत सूर चढायला लागला की ग्विलिमचा उजवा तळहात आपोआप छातीवर जायचा, आणि ओठ घट्ट मिटलेले असायचे. पाद्रीसाहेबांनी एकदा मार्गेडला बाजूला घेऊन सांगितलं, बंधू बेडोंना छातीत दुखतं वाटतं, डॉक्टरला दाखवा.

"दाखवून उपयोग नाही, साहेब," ती म्हणाली आणि पुस्तकं गोळा करायला लागली.